यंदा पाणी उतरलं नाही

मी बडबडी आहे. कोपरीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवालासुद्धा मला लांबून बघितलं की आधी गवार तोलून ठेवतो, नाहीतर गप्पांत त्याची बाकीची गिऱ्हाइकं जातात. नवऱ्याचं आजारपण, मुलीचं बाळंतपण, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं सगळ्यांना सांगून झालंय. हिच्या पोटात काही राहत नाही, असं सगळे धरून चालतात. आणि एक गोष्ट राहिलीय. मुलीजवळ नाही बोलले, देवासमोर नाही बोलले. देवासमोर तर हात जोडले की मुद्दाम दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिले, म्हणजे ते मध्ये यायला नको. आज लिहायला बसलेय. तुम्ही समोर नाही आहात म्हणून जमत असेल. समोर असतात तर मी तुम्हाला चहा केला असता, आणि मग ते राहूनच गेलं असतं.

कुठून सुरुवात करू? पाण्यापासूनच करते.

आमच्या नळाला जे पाणी येतं ना, ते माझ्या गावावरून येतं. वरून म्हणजे खरंच वरून. शहापूरकडे आमचं गाव होतं, तीस-पस्तीस घरांचं. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना शहराला पाणी हवं म्हणून धरण बांधलं, आणि गाव तळाला गेलं. धरणाचं नाव नाही लिहीत; नाव लिहिलं की लोक गावाचं विचारतात. माणसांनी दारांच्या चौकटी काढून नेल्या, कौलं उतरवून नेली, जाती नेली, देव तर नेलेच. आईने एकच विचारलं होतं. बाबांकडे बघून म्हणाली, "आन त्याला?"

तो म्हणजे माझा भाऊ. बाळू. पाच महिन्यांचा असताना तापाने गेला. मी सात वर्षांची होते. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आमच्या खाचराच्या वरच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली त्याला ठेवला आणि वर एक चपटा धोंडा.

बाबा म्हणाले, "त्याला काय नेतेस? माती झाली असंल त्याची."

मग आम्ही नव्या वसाहतीत गेलो, माझं लग्न झालं, मी ठाण्याला आले. हे तेव्हा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते. संसार झाला. बाबा गेले. मग हेही गेले. मुलगी नीता लग्न होऊन डोंबिवलीला. मी इथे एकटी, आई तिकडे एकटी. म्हटलं, आये, चल माझ्याकडे. पंचाहत्तरीची होती, पण पाय कसे — खणखणीत. आमचे दोन जिने ती माझ्याआधी चढायची आणि वर उभी राहून मला हसायची. "चढ गो म्हातारे!"

पहिल्या दिवशी नळ सोडून ती ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "ह्या आपल्या खाचरातला पानी." मी हसले. ती हसली नाही.

आता इथे मला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ते नीताच्या पहिलीच्या पुस्तकावर आणि ह्यांनी आणलेल्या आदल्या दिवशीच्या पेपरावर. आधी मोठी अक्षरं, मग हळूहळू बारीक. चाळिशीला आले तेव्हा मी अख्खा पेपर वाचायला लागले होते. आईला याचा काय अभिमान! कुणी भेटलं की, "माजी यमी पेपर वाचते." जसं काही मी कलेक्टर झालेय. सकाळी मी पेपर उघडला की ती समोर बसायची, लसूण सोलत नाहीतर नुसतीच, आणि मी वाचेन ते ऐकायची. मी वाचलं म्हणजे ते खरं. टीव्हीवर तिचा भरवसा नव्हता. पण पेपर यमीने वाचलाय म्हणजे झालं.

तर त्या पहिल्या उन्हाळ्यात मीच तिला वाचून दाखवलं. पेपरात एक चौकट येते बघा, कुठल्या धरणात किती टक्के साठा राहिला त्याची. आणि खाली बातमी होती की पाणी खाली गेल्यामुळे बुडालेल्या गावांची जोती दिसायला लागलीत, लोक बघायला जातायत. मी वाचून गेले आणि मग बघितलं तर आईच्या हातातला लसूण तसाच.

"वरचा बांध दिसत असंल?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी गेलो. जावयाने गाडी काढली. नीता, जावई, मी, आई. जावई चांगला आहे हो, मी त्याच्याबद्दल काही वाईट लिहायला बसले नाहीये. वाईट मी आहे. ते येतंच आहे.

धरणाच्या मागच्या अंगाला पाणी आत गेलं होतं आणि जमीन उघडी पडली होती. वर भेगा, खाली ओला चिखल. आमच्या गावची बरीच माणसं आलेली. त्यांना हे जुनंच होतं, ती दरवर्षी येतात म्हणे, ज्याने त्याने आपल्या जोत्यावर नारळ फोडायचा, भात-भाजीचा निवद ठेवायचा, तिथेच बसून जेवायचं. आईला कुणी कधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल आणि बाबांनी आणलं नसेल, देव जाणे. आई मात्र थांबली नाही. चपला हातात घेतल्या आणि निघाली. चाळीस-बेचाळीस वर्षांनी, सगळं एका रंगाचं झालेलं, ना झाड ना घर, आणि ती अशी गेली जशी रोजच जाते. करंजाचा काळा बुंधा उरला होता. त्याच्या पायथ्याशी तिने चिखलात हात घातला, चाचपलं, आणि तो चपटा धोंडा निघाला.

मग ती बोलायला लागली. रडली नाही आधी. बातम्या सांगायला लागली त्याला. "तुजा बाप गेला रे. यमीचा नवरा पन गेला. यमी पेपर वाचते आता. तुला भाची झाली, ह्ये बघ आलीय, गाडी घिऊन आलीय." हे सगळं मोठ्याने, जसं बांधापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं. आणि मग, कसं लिहू? लेकराला पाजायला बाई कशी कुशीवर होते, तशी ती चिखलात कुशीवर झाली. पदर ओढून घेतला. आणि तशी पडून राहिली. एक हात त्या धोंड्यावर, थोपटत.

जावयाने तोंड फिरवलं. नीता म्हणाली, "आई, आजीला उठव ना. लोक बघतायत."

लोक बघत नव्हते. लोक आपापल्या जोत्यावर होते. पण मला तेव्हा जावयाची पाठ दिसत होती फक्त, आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट. मी जाऊन आईचा दंड धरला. "आये, ऊठ. तमाशा नको करू." हे शब्द. तमाशा.

ती उठली. निमूट. उठताना धोंड्याला म्हणाली, "येत जाईन आता. दर साली येईन."

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी अर्धंच कबूल केल्यासारखं होईल. घरी आल्यावर माझी आई बदलली. खरंच बदलली. दोन भाकऱ्या जास्त खायला लागली. शेजारच्या पाटकर वहिनींच्या नातीला मांडीवर घेऊन खेळवायला लागली. बाळू गेल्यापासून आई लहान बाळाला कधी हातात घ्यायची नाही, नीताला सुद्धा घेतलं नव्हतं तिने. म्हणजे मला ठाऊक होतं. त्या चिखलात तिला काय मिळालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही.

मग काय झालं?

काही नाही झालं. डोंबिवलीला जेवायला बोलावलं होतं. चांगली माणसं, शिकलेली, बँकेत नोकऱ्या. विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "आजींचं ऐकलं मी. असं होतं हो या वयात. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, मनाचे. दाखवून घ्या एकदा." टेबलावर आणखी चार पाहुणे होते. सगळ्यांनी मान हलवली. आणि मी, मी म्हटलं, "हो, पत्ता द्या ना." पत्ता घेतला. पर्समध्ये ठेवला. आई शेजारी बसून श्रीखंड खात होती. तिला काही कळलं नाही, तिला वाटलं माझ्या गुडघ्यांबद्दल चाललंय.

बास. एवढंच कारण. मी या गोष्टीभोवती इतकी वर्षं फिरतेय, दुसरं काही मोठं कारण सापडतंय का म्हणून, आणि नाही सापडत. एका जेवणात मला लाज वाटली. कोपरीत मी तीस-पस्तीस वर्षं घालवली होती माझ्या बोलण्यातलं 'पानी' घालवायला. आणि आईने एका दुपारी चिखलात झोपून ते परत आणलं, असं मला वाटलं. वाटलं खरं असं.

पुढच्या होळीपासून तिने विचारायला सुरुवात केली. "यमे, पानी उतरला का गो?"

"अजून वेळ आहे, आये."

एप्रिलात परत. मेमध्ये तर रोज. मी पेपर उघडला की पहिला प्रश्न तोच. चौकट माझ्या डोळ्यांसमोर. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं, "यंदा धरणात भरपूर साठा. पाणी उतरलं नाही." ज्या अक्षरांवर बोट होतं त्यांत लिहिलं होतं की साठा तळाला गेलाय.

तिने मान हलवली. "पाऊस चांगला झाला म्हनायचा मागच्या साली." आणि लसूण सोलायला लागली.

खोटं बोलणं इतकं सोपं असतं? मला वाटलं होतं छाती धडधडेल. नाही धडधडली. मी पुढची बातमी वाचली, कुठेतरी सोन्याच्या दुकानात चोरी झाल्याची, आणि आम्ही दोघी त्यावर तासभर बोललो.

पण पाणी असं लपत नाही ना. साठा कमी झाला की कपात आली. आठवड्यातून एक दिवस नळ बंद. आता काय करू? मी पहाटे उठून पिंप भरायचे, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा. आई उठून बघायची, सगळीकडे पाणी.

"ह्या काय गो? लगीन हाय का घरात?"

"पाइप फुटलाय म्हणे. दुरुस्ती आहे आज."

पुढच्या शुक्रवारी परत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत.

"दर शुक्करवारी फुटतो व्हय तुमचा पाइप? का त्याला पन उपास असतो?"

मी हसले. काय करणार? "जुना आहे गं. गंजलाय." ती पण हसली. आमचं चांगलं चालायचं हो दोघींचं, हे सगळं चालू असताना सुद्धा. ते मला आता जास्त टोचतं.

एकदा पाटकर वहिनी आल्या पाण्याची कळशी मागायला. दारातच सुरू, "काय बाई हे! टँकरची पाळी आली. तिकडे म्हणे तळ—"

"वहिनी, तुमची नात रडतेय वाटतं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुठे? मी तर काही—"

"रडतेय, रडतेय. जा तुम्ही, कळशी मी आणून देते."

बिचाऱ्या पळत गेल्या. आईने वर बघितलं. "लेकरू रडला नाय गो. मला आला नसता काय ऐकू?"

तिसरा उन्हाळाही असाच काढला. नीताने एकदा विचारलं, आजीला न्यायचं का परत? मी म्हटलं, "तिला आता आठवत पण नाही ते. उगीच कशाला उकरायचं." तिला बरंच वाटलं असावं. तिने परत विचारलं नाही. आणि आईला घरातल्या घरात मी तेच एक वाक्य, बोट ठेवून. यंदा पाणी उतरलं नाही.

इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला सांगूही शकले असते. हसत हसत, उपासाच्या पाइपासकट. यापुढचं नाही.

चौथ्या उन्हाळ्यात चिंधूकाकांचा फोन आला. बाबांचे चुलतभाऊ, आंबिवलीला राहतात. म्हणाले, "यमे, शनवारी समदे जमतोय गावाला. वयनीला आन. दोन सालं झाली आली नाय ती. तुला जमत नसंल तर मी येतो रिक्षा घिऊन, कोपरी काय लांब हाय?"

काका आले आणि आईला म्हणाले की गाव दरसाल वर येतंय, मग? "नको नको काका, मीच आणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा खरं बोलायला काय हरकत होती? आये, मी खोटं बोलले, चल जाऊ. दोन वाक्यं. ती चिडली असती. दोन दिवस बोलली नसती. एवढंच ना? पण मला तिचा चेहरा बघवला नसता. पेपर वाचणाऱ्या यमीचा चेहरा तिच्या डोळ्यांत कसा बदलतो, ते बघायचं माझ्याने झालं नसतं. मग मी काय केलं? शनिवारी आईला सांगितलं, डोंबिवलीला जातेय, नीताची तब्येत बरी नाही. आणि एकटी गेले. गेले नसते तर काका रविवारी दारात उभे राहिले असते.

सगळे होते. चुली मांडलेल्या, पोरंटोरं पळतायत. भागीकाकी, म्हणजे चिंधूकाकांची बायको, आईची जाऊ, मला बघून उठलीच. "आये कुठं हाय?"

"काकी, ती आता अंथरुणालाच खिळलीय. उठवत नाही. माणूस ओळखते, बाकी काही नाही."

असं म्हणाले मी. त्या वेळी आई कोपरीला गॅलरीत उभी राहून पाटकर वहिनींना, लोणच्यात मीठ कमी पडलंय, असं ओरडून सांगत असणार.

भागीकाकीने तोंडाला पदर लावला. "माजी बाय गं." मग मला हाताला धरून घेऊन गेली, करंजाच्या बुंध्याशी. धोंडा धुतलेला होता. त्याच्यापुढे दुधाची वाटी. "मागची दोन सालं मीच ठेवते. तिला म्हनावं, काळजी नको, जाऊ बसलीय तुजी." आणि खाली वाकून तिने धोंड्याखालची मूठभर माती काढली, आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली, त्यात ती बांधली आणि माझ्या हातात दिली. "तिला येता येत नाय, तर त्याला ने. उशाला ठेव तिच्या."

मी ती पर्समध्ये ठेवली. ज्या पर्समध्ये कधीतरी त्या डॉक्टरांचा पत्ता ठेवला होता त्याच.

आता थांबले होते जरा. उठून स्वयंपाकघरात गेले, काही कारण नसताना डबे पुसले. परत बसले. लिहिते.

ठाण्याला उतरले. कोपरीच्या बाजूला बाहेर आले. हातात पर्स. घरी नेली तर काय सांगू? कुठली माती? नीताकडची? मला एकदा वाटलं, सरळ नेऊन तिच्या हातात ठेवावी आणि जे होईल ते होवो. एकदा वाटलं, पर्समध्येच राहू दे, नंतर बघू. पण आई माझी पर्स उघडायची, तिला बडीशेप लागायची. स्टेशनबाहेर शहाळ्यांची गाडी होती, तिच्या बाजूला कचऱ्याचं पिंप. करवंट्या, कागदी कप, माश्या. मी इकडे तिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. ती पुरचुंडी त्यात टाकली. वर एक शहाळ्याची करवंटी सरकवली. दिसू नये म्हणून.

माझा भाऊ होता तो. सात वर्षांची असताना मी त्याला कडेवर घेऊन अख्ख्या आळीत फिरायचे.

घरी आले. आईने विचारलं, "नीता बरी हाय?" म्हटलं, हो, ताप उतरलाय. तिने मला ताक दिलं.

त्यानंतर काका-काकींचे फोन यायचे, भेटायला येतो म्हणायचे. मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय, माणसं नकोत, संसर्ग होतो. बिचारे ऐकायचे. पुढच्या वर्षी श्रावणात आई गेली. आजारी-बिजारी काही नाही, सकाळी चहा घेतला, पडते जरा म्हणाली, ती तशीच. दहाव्याला गावची माणसं आली. आणि भागीकाकी आमच्या खोलीत बसून मोठ्याने म्हणाली, "वरीस-दीड वरीस अंथरुनात काढला गं माज्या बायने. सुटली."

पाटकर वहिनी शेजारी होत्या. "कोण अंथरुणात? आजी तर परवा-परवापर्यंत माझ्याबरोबर बाजारात—"

खोलीत दहा-बारा बायका. मी दोन्हीकडे लपवलेलं एकमेकांसमोर येऊन बसलं होतं. आणि मी काय करावं? मी वहिनींच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "काकींचं वय झालंय. गोंधळ होतो त्यांचा. मनावर घेऊ नका." वहिनींनी समजुतीने मान हलवली. तशीच, ज्या समजुतीने डोंबिवलीला टेबलावर माना हलल्या होत्या. ज्या बाईने माझ्या आईच्या वाटणीचं दूध त्या धोंड्यापुढे ठेवलं, तिला मी वेडी ठरवलं. एका वाक्यात. काकीला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. ती जेवली नाही, एवढं खरं. गाडी गाठायचीय म्हणाली.

हे सगळं मी लिहिलं. पण एक मधलंच मागे ठेवलं, मुद्दाम. टाळता येईल का बघत होते.

मी एकटी जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते. सकाळी उठले तर माझ्या चपला दाराशी नव्हत्या. गॅलरीत होत्या. घासून, धुऊन, उन्हाला उलट्या लावून ठेवलेल्या. मोरीत बघितलं, जाळीवर थोडी माती अडकली होती. तसली काळपट, चिकट. मे महिना. डोंबिवलीला चिखल कुठला? आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. तिची पाठ माझ्याकडे. मी वाट बघितली, आता बोलेल, आता वळेल. तिने विचारलं, "भाजी काय करू गो?"

तिला कळलं होतं का? त्या मातीत ती पंधरा-वीस वर्षं पाय घालून राबली होती. मी अजून स्वतःला विचारते, आणि उत्तर माहीत असल्यासारखी उठून दुसऱ्या कामाला लागते.

पुढची होळी आली. मी तयार होते, वाक्य तोंडात तयार. तिने विचारलं नाही. एप्रिल गेला. मे आला, कपात आली, मी पिंपं भरली, तिने शुक्रवारचं काही म्हटलं नाही. मी पेपर उघडून बसायचे, ती समोर लसूण सोलायची, मी ती चौकट ओलांडून पुढचं वाचायचे आणि ती ऐकायची. सगळा उन्हाळा असा गेला. एकदाही नाही. पाऊस लागला, धरणं भरल्याची बातमी आली, आणि मी पेपर घडी करून ठेवला.

त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगायला मी एवढं सगळं लिहिलं. दुःख नाही वाटलं. भीती नाही. माझी आई विचारायची थांबली होती, आणि मला हलकं वाटलं. सुटले एकदाची, असं वाटलं. मी उठले, दोघींसाठी चहा टाकला, आणि मला आठवतंय, चहा उकळेपर्यंत मी गुणगुणत होते.